निथळलेलं वजन

डबा कँटीनचा. परशराम सुतारकाकांनी आणून दिला,
कॅम्पातून सायकलवर, पिशवीत खाली डबा, वर मेथीची जुडी.
ते लिंगायतांच्या घरी भाड्यानं राहतात,
म्हणून मेथी.

मी उद्यमबागेत कास्टिंग तपासते.
आठ तास हातात व्हर्नियर,
माप जरा हललं की लाल खडूची फुली.
त्यामुळं कुठलीही वस्तू मी आधी वाचते, मग उघडते.

दर शंभर ग्रॅमला
ऊर्जा एकशे सत्तेचाळीस,
प्रथिनं बारा पूर्णांक चार, म्हणजे हवीत तशी,
चरबी नऊ, झाकणाखाली पांढरी, बोटानं खरवडता येणारी,
सोडियम सहाशे ऐंशी मिलिग्रॅम.
डबा चारशेचा.
गुणाकार गॅसपाशी उभ्यानंच झाला:
दोन हजार सातशे वीस.
फ्रीजवर आहारतज्ज्ञ बाईंचा कागद चिकटवलेला,
दिवसाला दोन हजार,
आकड्याखाली दोन रेघा.

आणि अगदी तळाशी, शिवणीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरात:
निव्वळ वजन ४०० ग्रॅम.
निथळलेलं वजन २४०.

हे गणित मला ठाऊक होतं.
मंगळवारी आणि शुक्रवारी
बाबांना काट्यावर चढवतात, मग चार तास मशीन,
मग पुन्हा काटा.
उरतं ते कोरडं वजन. एकसष्ट किलो.
एवढेच बाबा. वरचं सगळं पाणी.
शिवलीला सिस्टर वहीत लिहितात आणि लिहिता लिहिता दम देतात,
"उप्पु बेडा, अज्जा."

"वर बर्फात," बाबा म्हणाले, डबा कानाशी हलवत,
"बुखारीवर ठेवूचा. कडेनं इरघळूचा, मधे दगड.
सात फोडी, पाच माणसं.
फोडीवरनं भांडण कधी न्हाई.
भांडण रश्श्यावरनं."

मी डबा चाळणीत उपडा केला.
बटाटे बाजूला काढले, पोटॅशियम.
मटण गरम पाण्यानं धुतलं, दोनदा,
तिसऱ्यांदा धुताना स्वतःचीच लाज वाटली, तरी धुतलं.
तीन फोडी, अर्धी भाकर, ताटात मीठ नाही.

बाबा बराच वेळ चावत राहिले.
"आंघोळ घातलीस काय गे ह्याला?"
एवढंच. ताट मात्र पुसून स्वच्छ.

रस्सा टिप्यासाठी पातेल्यात झाकून ठेवला होता.
सकाळी पातेलं घासून पालथं,
ओट्यावर, जिथं मी कधीच ठेवत नाही तिथं.
टिप्या साखळीला, मागच्या दारी, उपाशी, शेपूट हलवत.
बाबा पेपर वाचत होते.
पान तासभर तेच.

शुक्रवारी काटा चौसष्टच्या पुढं गेला आणि थरथरत थांबला.
"एनु तिंद्री, अज्जा?"

हा माणूस बसवरच्या पाटीवरून
अख्खा चौक डोक्यावर घेतो,
कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं तर मराठीत तिकीट मागतो,
दोनदा त्यावरून खाली उतरलाय, एकदा भर उन्हात.
आज काट्यावर अनवाणी उभा राहून,
छताकडं बघत,
स्वच्छ, मऊ, शेजारच्या घरातून आणल्यासारख्या कन्नडमध्ये म्हणाला,
"एनू इल्ला, सिस्टर. बरी नीरु."

सिस्टरनी पेन थांबवलं. माझ्याकडं पाहिलं.
चारशेतून दोनशे चाळीस गेले, एकशे साठ ग्रॅम,
वजाबाकी मला तोंडपाठ होती,
आणि लाल खडू ॲप्रनच्या खिशात तसाच.

"नीरु," मी म्हणाले.